टेकाडावर काही ठेवायचं नाही

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं, इकडे जागा आहे. ग्योतोकुच्या या सभागृहात आपण गणपतीला जमतो. आज इथे उभं राहून काय बोलायचं, मला कळत नाही. मला रडू आलेलं नाही. मंगळवारपासून आलेलं नाही. ऑफिसला जातो, कचरा वेगळा करून ठेवतो, संध्याकाळी देवापुढे दिवा लावतो. आत काही हलत नाही. तेव्हा माझं बोलणं कोरडं वाटलं तर समजून घ्या.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी दत्ता. बँकेत आहे. हिगाशी-कसाईला वसुधाताईंच्या खालच्या मजल्यावर राहतो. ताई मूळच्या कऱ्हाडच्या. शिकायला म्हणून टोकियोत आल्या आणि इथल्याच झाल्या. मंगळवारी सकाळी विद्यापीठात, कामाच्या टेबलापाशीच, मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्या गेल्या. शेजारी त्यांचे गुरू होते, नाकागावा-सान. ते इथे पहिल्या रांगेत आहेत. माझी मुलगी ऋचा त्यांना माझं बोलणं जपानीतून सांगते आहे. त्यांच्या पलीकडे ताईंचे धाकटे भाऊ, श्रीकांतराव.

ताईंचं काम काय होतं? जुनी भांडी जोडणं. त्या म्हणायच्या, "मी बोहारीणच आहे रे दत्ता. फक्त मी फुटकी घेते, आणि बदल्यात कुणाला काही देत नाही."

तुर्कस्तानात एक टेकाड आहे. गावावर गाव वसत गेलं, त्याची ती उंची. नाकागावा-सानांची तुकडी दर उन्हाळ्यात तिथे खणते. त्यातला एक थर फ्रिजियन लोकांचा, पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचा. हात लावेल त्याचं सोनं करणाऱ्या राजाची गोष्ट आमच्या गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे. तो राजा या लोकांचा. हे मला ताईंनी सांगितलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. टेकाडाच्या पायथ्याशी लहानसं संग्रहालय आहे. तिथली भांडी ताईंच्या हातची.

इथे तो मोठा भूकंप झाला तेव्हा आपल्यातले बरेच जण देशात परत गेले. मीही बायकोला, शैलाला, आणि ऋचाला पाठवलं. ताई राहिल्या. म्हटलं, ताई, तुम्हीही जा. तर म्हणाल्या, "अरे, इथली भांडी बांधलेली होती म्हणून वाचली. तिथली सगळी सुटी आहेत. तिकडेही जमीन हलते." त्या उन्हाळ्यात त्या मासे धरायच्या तंगुसाची रिळं घेऊन तुर्कस्तानला गेल्या. एकेक भांडं तीन बाजूंनी बांधलं. भांडं डुलेल, पण पडणार नाही. बघणाऱ्याला दोरा दिसत नाही.

पुढे एका सुट्टीत आम्ही तिघं तिकडे गेलो होतो. ऋचा लहान होती. खड्ड्याच्या काठावर उभी राहून चेरी खात होती, आणि तिने बी थुंकली ती थेट खाली. ताई शिडीने उतरल्या, बी शोधली, वर आल्या. "बाईसाहेब, उद्या कुणी विद्वान लिहील की फ्रिजियन लोकांना चेरी फार आवडायच्या. मग मी काय करू?" ऋचाने जपानीत माफी मागितली. ताई म्हणाल्या, "मराठीत माग. या टेकाडाला जपानी रोज ऐकू येतं."

मग त्यांनी आम्हाला दिवसभराच्या अंतरावर एक कडा दाखवायला नेलं. कड्यात दार कोरलेलं. दार उघडत नाही, आत नुसता कोनाडा. तिथे फ्रिजियन लोकांची देवी असायची. तिला ते आई म्हणत. शैलाने पर्समधून करंडा काढला आणि बोट बुडवून हात पुढे केला. ताईंनी तिचं मनगट धरलं. म्हणाल्या, "शैला, नाही. तुझ्यासाठी कुंकू आहे, दगडासाठी डाग आहे. इथे काही ठेवायचं नाही आणि इथून काही न्यायचं नाही." शैलाचं बोट तसंच भरलेलं. तिला रडू यायला लागलं. तेव्हा ताईंनी, ज्यांनी जन्मात कधी देव्हारा ठेवला नाही, आपलं कपाळ पुढे केलं. "मला लाव. ती बघतेय, तेवढं पुरे."

काल दहन झालं. इथल्या रीतीप्रमाणे चॉपस्टिकने अस्थी उचलायच्या असतात. मी आणि श्रीकांतरावांनी उचलल्या. हाताला काही कळलं नाही.

आज सकाळी नाकागावा-सान माझ्याकडे आले. एवढे मोठे गृहस्थ, दारातच वाकून उभे राहिले. म्हणाले, वसुधा-सानच्या थोड्या अस्थी त्या टेकाडावर पुरू द्याल का? तिचं आयुष्य तिथे गेलं. मी श्रीकांतरावांना विचारलं. ते म्हणाले, "मला तिचं तिकडचं काहीच ठाऊक नाही हो. फोनवर विचारायचो, ताई, सोनं सापडलं का? म्हणायची, सापडलं, तुझ्या लेकीच्या लग्नात घालते. तुम्ही सांगाल तसं करू."

मला हो म्हणायचं होतं. खरं सांगतो. माणसाचं जिथे मन, तिथे त्याची माती पडावी, असंच मला वाटतं. दुपारभर मी बसून होतो. पण मंडळी, चेरीची बी वर आणायला जी बाई खड्ड्यात उतरली, तिला आपण त्याच मातीत पुरायचं? पुढे कधीतरी कुणी तिथे खणेल, आणि त्या थरात त्याला परक्या माणसाची राख लागेल. तो फसेल. ताईंच्यामुळे फसेल. हे मी कसं होऊ देऊ?

म्हणून नाही. अस्थी कऱ्हाडला जातील, संगमावर. पाण्यात थर राहत नाही.

नाकागावा-सान, तुम्हाला नाही म्हणायचा माझा अधिकार नाही. ऋचा, हे नीट सांग त्यांना, घाई करू नकोस. सांग, की तुम्हीच शिकवलेलं त्या पाळत होत्या. आणि सांग, तुम्ही कऱ्हाडला चला. श्रीकांतराव, चालेल ना? ... हो म्हणतात. घाटाला पायऱ्या आहेत, आम्ही तुम्हाला धरून उतरवू. अस्थी श्रीकांतराव सोडतील आणि तुम्ही सोडाल. गुरूचा तेवढा हक्क आमच्यातही आहे.

...

ऋचा म्हणते, ते येणार आहेत.

मला आणखी बोलता येणार नाही. आता आपण सगळे उभे राहू. किती वेळ, ते मी सांगत नाही. नाकागावा-सान बसतील, तेव्हा आपण बसू.