उरलेला पाव

“उरलेला पाव दुकानात मुक्कामाला ठेवायचा नाही, भुकेल्याच्या हाती गेला पाहिजे,” असं सासऱ्यांनी शेवटच्या आजारात बजावलं होतं आणि थोरल्या सुनेनं मान डोलावली होती. परवाना कचेरीच्या रांगेत तिला तेच आठवत होतं. धाकटी जाऊ मात्र जोरात होती.

“जाऊबाई, उघडा पाव आता फुकटसुद्धा द्यायचा नाही, नवा नियम आलाय. मी सकाळीच दारावर पाटी लावली, ‘वाटप बंद’.”

“मला न विचारता?”

“परवाना गेला तर भट्टी विझेल आपली!”

“काही विझत नाही. नियम शेवटपर्यंत वाचलास?”

“तुम्ही वाचलात?”

“सकाळी जप झाल्यावर वाचला. बांधून, वर तारीख घालून द्या, असंही लिहिलंय त्यात.”

“रोज एवढ्या पिशव्या भरणार कोण?”

“मी. तू शेजारी बस. तोंड चालतंच तुझं, जोडीला हात चालव.”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. धाकटीलाही हसू आलं.

“बरं बाई! पण निघालात कुठे? आपला नंबर आलाय.”

“सही तू कर. लोक यायच्या आत पाटी काढते.”

आणि कागदी पिशव्यांचं दुकान गाठायला थोरली जिना उतरूही लागली.