भाऊजींच्या हाती सापडलेला घोटा

मंचावरचे अध्यक्षमहाशय, कारखान्याचे मोठे साहेब, हार घालून बसलेले आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे माझे धाकटे दीर, आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या लेकीसुनांनो, लेकरांनो,

मी चौथीत शाळा सोडलेली बाई. नातीने भाषण लिहून दिलं होतं. पण त्यात भाऊजींची नुसती स्तुतीच! घरी ठेवून आले.

भाऊजींनी इथली यंत्रं जन्मभर नीट ठेवली. त्यासाठी टाळ्या वाजवा. वाजवल्या? झालं तर. पण यंत्रं येतात म्हणून माणसंही दुरुस्त करता येतात, हे यांना कोणी सांगितलं? कुणाचा पाय मुरगळला, की हे बाह्या सरसावून हजर!

गेल्या वर्षी मी न्हाणीत घसरले. घोटा टम्म फुगला. भाऊजी आले. "वहिनी, बोटं हलवा." हलवली. "हलतात ना? मग हाड मोडलेलं नाही!" अहो, बोटं हलायला घोट्याची परवानगी लागते का? पण यांचा आवाज मोठा, आमच्या माना डोलल्या. मग गरम तेल, मग ओढाओढ, मग "चाला, मोकळं होईल!" मी रडत चालले, तर वर मलाच नाजूक म्हणाले.

शेवटी नातीने भांडून दवाखान्यात नेलं. एक्स-रेच्या फोटोत घोट्याची दोन्हीकडची हाडं मोडलेली, सांधा सरकलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, अजून चालला असतात तर पाय कायमचा अधू झाला असता." सूज उतरेस्तोवर पाय उशांवर, मग ऑपरेशन, हाडाला धातूची पट्टी आणि स्क्रू, मग कित्येक आठवडे जमिनीला पाय लावायचा नाही. तेव्हा भाऊजी भेटायला आले नि काय म्हणाले? "मी आधी सैल केला, म्हणून ऑपरेशन सोपं गेलं!"

हसा, हसा. मीही हसते, कारण चालतेय. पण आता कळलंय, निवृत्तीनंतर हे घरीच पाय चोळून देणार, सगळ्यांना, फुकट! तुमच्यातलंच कुणी उद्या यांच्या ओसरीवर लंगडत जाईल. म्हणून माइक धरलाय. भाऊजी, चारचौघांत शब्द द्या. म्हणा, "पडलेल्याचा पाय ओढणार नाही, त्याला चालवणार नाही. आहे तसा आधार देऊन फोटोला धाडीन." मान खाली घालू नका, बोला.

काय? "दिला वहिनी, बसा आता"? अध्यक्षसाहेब, ऐकलंत ना?

मला बोलायला उभं केलंत, फार बरं वाटलं. जीभ जरा जास्त चालली असेल, तर म्हातारीचं म्हणून पोटात घाला. आणि भाऊजी, हात द्यायला उठू नका. पायऱ्या माझ्या मी उतरते.