बायपासचं चाक

आमचं घर आचऱ्याच्या खाडीकडच्या वाडीतलं, थोडं भात, थोडे माड, पण वाडीत आमची ओळख होती ती गाऱ्हाण्याच्या मानामुळे. होडी पाण्यात घालायची असो, विहीर खणायची असो, आधी नारळ ठेवायचा आणि आमच्या बाबांनी देवाला गाऱ्हाणं घालायचं, आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक बोलाला एका आवाजात व्हय म्हाराजा म्हणायचं. तू हे लहानपणापासून ऐकलं आहेस, बाय, पण लिहितेस तर हेही लिही, कारण पुढे त्याचं काम आहे. बाबा आम्हाला सांगायचे, एकदा व्हय म्हाराजा म्हटलास काय तो शब्द तुझो झालो, मगे तो परत घेवक गावाचो नाय.

तुझे वडील, म्हणजे माझा दादा, सहा वर्षांनी मोठा. सातवी करून मुंबईला गेला, कापडगिरणीत फिटर झाला आणि मग मला बोलावून घेतलं. मी तेव्हा पुस्तकं वाचत बसणारा, माणसांत कमी बोलणारा, माझ्या हातात पाना शोभेल असं कोणालाच वाटत नव्हतं. दादा म्हणाला, वाचतंस ना, मगे ह्या वाच, आणि वाफेच्या नळीवरच्या एका वॉलपुढे नेऊन उभं केलं. काय सांगू तुला, पहिले सहा महिने मी तो एक वॉलच वाचत होतो. बॉयलरकडून वाफ यायची शंभर पौंडांच्या दाबानं, आणि कापड सुकवायचे ते मोठे पोकळ तांब्याचे रूळ, त्यांना पंधराच्या वर सोसत नाही. मधे बसतो हा वॉल. आत एक स्प्रिंग, एक पातळ पत्रा, एक बूच आणि बुचाची बैठक, बस. पुढे वाफ वाढली की बूच मिटतं, कमी झाली की उघडतं, कोणी सांगायला लागत नाही. दादा म्हणायचा, हो वॉल म्हणजे घरातली शाणी सून, कोणाक किती वाढूचा ता तिकाच ठावक.

आणि त्याच्या शेजारून जाते दुसरी नळी, ती बायपास. वॉल साफ करायला खोलला तर काम अडू नये म्हणून. तिला हातानं फिरवायचं एक लोखंडी चाक. ते चाक फिरवणाऱ्यानं तिथून हलायचं नाही, डोळा काट्यावर ठेवायचा, कारण त्या वेळी शहाणी सून घरात नसते, वाफ सरळ येते.

त्या दिवशी दादाचा वॉल अडखळत होता. त्यानं जॉबरकडे, म्हणजे खात्याच्या मुकादमाकडे, दोन तास मागितले. जॉबर म्हणाला, कापड खोळंबलं आहे, संध्याकाळी बघू. आणि दादा दुसऱ्या टोकाला गेला असताना जॉबरनं बायपास उघडला आणि चहा प्यायला गेला. दादानं आवाज ओळखला आणि चाकाकडे धावला. चाकापर्यंत तो पोचला नाही, त्याच्या आधी रुळाचं तोंड उडालं. मी दुपारपाळीला आलो तेव्हा दादा गेला होता, जमीन अजून ओली होती. तू तेव्हा दोन वर्षांची होतीस, इथे गावी, आईच्या कडेवर.

चौकशी झाली. कागदावर शेवटी एक ओळ होती, फिटरच्या हयगयीमुळे. मी ती ओळ चार वेळा वाचली. मला म्हणाले, तू भाऊ आहेस, खाली सही कर. मी म्हटलं, नाही करणार. साहेब म्हणाला, मग नोकरीचा विचार कर. मी म्हटलं, नोकरी तुमची आहे, सही माझी आहे. दुसऱ्या दिवशी दादाचा पाना घेतला आणि बोटीत बसलो. आजतागायत ती सही नाही.

मग काही वर्षं कट्टा गावात भाताच्या गिरणीची इंजिनं बघितली, इकडचे तिकडचे पंप बघितले. गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी मालवणात आंब्याचा रस डब्यात भरण्याचा कारखाना निघाला, शेट मालवणचाच, आणि वाफेचं काम जाणणारा माणूस त्याला हवा होता. वॉल मी माझ्या हातानं बसवला. आधी नळीतून वाफ सोडून आतला सगळा गंज आणि कचरा बाहेर उडवला, मग जाळी, मग वॉल, अंगावरचा बाण वाफेच्या दिशेनं, पुढे काटा, त्याच्या पुढे जास्तीची वाफ सोडून देणारा दुसरा वॉल, त्याला लांब दांडा आणि दांड्याला वजन. रसाच्या टोपांना पंचवीस पौंड ठरवले, वर एक नाही. आणि सगळं झाल्यावर बायपासचं चाक काढलं आणि पिशवीत घालून घरी आणलं. मुंबईहून आल्यापासून मी हे करत आलो आहे. शेट म्हणाला, अरे, चाक खंय नेतंस? मी म्हटलं, वॉल खोलतलंय तेव्हा परत हाडतलंय.

त्या टोपांपाशी वीस बायका लांब उलथण्यांनी रस ढवळायच्या, आणि तिसऱ्या टोपाला तुझी आई. मीच नको म्हणत होतो. वहिनी म्हणाली, तुमी लावलेल्या वॉलाकडे माका भय कसला? मी रोज सकाळी तिच्या आधी जायचो, लाकडी काठीचं एक टोक वॉलला आणि एक कानाला लावायचो. चांगला वॉल बारीक, एकसारखा बोलतो. इथली हवा खारी, विहिरीचं पाणी मचूळ, त्यामुळे त्याचा आवाज लवकर बसायचा, आणि मी पंधरवड्याला खोलून बैठक घासून द्यायचो.

तिसऱ्या वर्षी नवा मॅनेजर आला, घाटावरचा, शिकलेला, वाईट नव्हता पण घाईचा. हंगाम सुरू होताना बॉयलरपुढे गाऱ्हाणं घालायचा रिवाज होता, तो त्यानं बंद केला, म्हणाला, यंत्राला नारळ कशाला? मीही पुस्तकं वाचलेला माणूस, आणलेला नारळ घरी घेऊन गेलो. मेच्या अखेरीस देवगडचा आंबा एकदम पिकला. ट्रकमागून ट्रक, अंगणात पेट्यांचे ढीग, उन्हात वास सुटलेला. आणि वॉल बसला, काटा दहाच्या वर जाईना. मी दोन तास मागितले. मॅनेजर म्हणाला, आंबा थांबणार आहे का तुझ्यासाठी? मी म्हटलं, आंबो कुजलो तर फेकता येता, साहेब. तो म्हणाला, मराठीत बोल. मी मराठीत म्हटलं, दोन तास.

शेवटी तो बरं म्हणाला, आणि मी बाजारात पॅकिंगचा पत्रा आणायला गेलो. परतताना लांबूनच वाफेची शिटी ऐकू आली, आणि मग एकदम बंद झाली. ती बंद झाली तसा मी धावत सुटलो. आत येऊन बघतो तर बायपासच्या उघड्या दांड्याला मोठा पाना लावून तो खोललेला, आणि जास्तीची वाफ सोडणाऱ्या वॉलच्या दांड्याला होडीच्या नांगराचा धोंडा सुंभानं बांधलेला, शिटी नको म्हणून. काटा पन्नासवर. मी मुख्य वाफ बंद केली आणि ओरडलो, वैनी, भायर, सगळ्यांका घेवन भायर! ती एका शब्दानं विचारत बसली नाही. उलथणं टाकलं, शेजारच्या दोघींना दंडाला धरलं आणि ओढत नेलं, बाकीच्या मागून. शेवटची बाई उंबऱ्याबाहेर गेली तेव्हाच मी सुंभ कापलं, कारण धोंडा निघाला की ती सगळी वाफ आत सुटणार होती. सुटली. मी भिंतीशी पालथा पडून राहिलो.

वाफ विरल्यावर मॅनेजर आला. रस सगळा नासलेला. त्यानं तिथेच कागद लिहिला आणि पुढे केला, आणि काय सांगू तुला, बाय, तीच ओळ, फिटरच्या हयगयीमुळे. जणू मुंबईहून माझ्या मागे चालत आली होती. म्हणाला, सही कर आणि घरी जा. मी म्हटलं, घरी जातो, सही करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीसही बायका फाटकाबाहेर माडाखाली बसल्या, पुढे तुझी आई. शेट धावत आला. गो बायांनो, आंबो कुजता, आत चला. तुझी आई म्हणाली, यंदा गाऱ्हाणा झाला नाय, म्हणान ह्या सगळा झाला. गाऱ्हाणा होवंदेत, मगे येतो. शेट म्हणाला, होवंदे तर, कोण घालतलो? ती म्हणाली, मान आमच्या घराकडे आसा, आमचे भावजी घालतले. एवढं बोलून तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं हिच्या मनात काय आहे. बायपासचं चाक मी घरी नेऊ शकतो, पण पाना जगात सगळीकडे मिळतो.

बॉयलरपुढे नारळ ठेवला. शेट, मॅनेजर, बायका, हमाल, सगळे हात जोडून. मी बाबांच्या आवाजात सुरू केलं. बा देवा म्हाराजा! व्हय म्हाराजा! ही तुझी लेकरा आज तुझ्या पायाकडे हुबी आसत! व्हय म्हाराजा! शेटाच्या घरादाराक, ह्या रसाक बरकत दी! व्हय म्हाराजा, आणि शेटाचा आवाज सगळ्यांत मोठा. मग मी म्हटलं, आणि म्हाराजा, हयसर जो कोण बायपासाक पानो लावीत, नायतर वाफेच्या तोंडार धोंडो बांधीत, तो लहान आसो, मोठो आसो, तेका पयलो त्या टोपाकडे हुबो कर, आणि रस ढवळूक लाव!

बायका गरजल्या, व्हय म्हाराजा! हमाल गरजले. मॅनेजरही म्हणाला, त्याला अर्धंच कळलं होतं. शेटाला पूर्ण कळलं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला, सगळे त्याच्याकडे. शेवटी म्हणाला, व्हय म्हाराजा. हळू म्हणाला, पण म्हणाला. मॅनेजरनं त्याला विचारलं, हा काय म्हणाला हो? शेट म्हणाला, तुमी व्हय म्हटलात मा? मगे झाला. आता तो कागद फाडा.

मग मला म्हणाला, तुका किती येळ होयो? मी म्हटलं, दोन तास. मी तीन घेतले. बुचाच्या दांडीपाशी भाताच्या दाण्याएवढी खारी खपली अडकली होती, एवढीच.

तो मॅनेजर पुढच्या वर्षी गेला. मी अजून आहे, वॉलही आहे, आणि त्यानंतर कोणी त्याला बगल दिली नाही. ह्या श्रावणात तुझी आई गेली. तापानं गेली, आपल्या बिछान्यात, तुझ्या मांडीवर. तिला न्यायच्या आधी मी तिचे हात बघितले. आंब्याच्या चिकाचे डाग होते, भाजल्याचा एकही नव्हता. तेवढं मी राखलं. दादाचं राखता आलं नाही.

मुंबईतला तो कागद कुठे असेल कोण जाणे. तू मास्तरीण झालीस, तुझं अक्षर चांगलं आहे, म्हणून तुला सांगतो, लिही, हयगय नव्हती. सावकाश लिही, पण लिही. आणि ते चाक देव्हाऱ्याखालच्या फळीवर आहे, तेलाच्या फडक्यात बांधलेलं. माझ्यामागे ते तुझ्याकडे राहू दे. देव तुझं बरं करो. आणि कोणी मागायला आलं, तर आधी विचार, वॉल खोलतलास काय? नाय म्हणालो तर चाक देऊ नको.