जहाज उतरवायचं की नाही

(उत्तर बल्गेरियातलं एक लहान शहर. दुपार. रुग्णालयातल्या डायलिसिसच्या खोलीत शेजारशेजारच्या खुर्च्यांवर, हाताला नळ्या लावलेले दोघं: दोब्रिंका, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, आणि वेल्को, पूर्वीचा बसड्रायव्हर.)

वेल्को: म्हणून म्हणतो बाई, शेवटी सुटकेचं जहाज उतरवू या. तीन महिने या खुर्च्यांत पडून आपण त्या अंतराळातल्या कादंबरीचा अख्खा सिनेमा मनातल्या मनात काढला. बर्फाचा चंद्र झाला, तिथं अडकलेली अकरा माणसं झाली, पंप चालवणारी मारा झाली. आता प्रेक्षकांना रिकाम्या हातानं घरी पाठवायचं?

दोब्रिंका: उतरवा.

वेल्को: कादंबरीत ते वरून निघून जातं, ठाऊक आहे मला. लष्करात असताना चारदा वाचलीय. पण सिनेमा म्हणजे... काय म्हणालात?

दोब्रिंका: उतरवा म्हटलं. होऊ द्या तुमच्या मनासारखं.

वेल्को: हे काही खरं नाही. मी माराचे केस कापले तर आठवडाभर बोलला नव्हतात माझ्याशी. लेखकानं लिहिलंय ते लिहिलंय, म्हणायचात. आणि आज एकदम उतरवा? काय झालंय?

दोब्रिंका: काही नाही. थकलेय.

वेल्को: तीस वर्षं आरशातून माणसांची तोंडं बघितलीत मी. तिकीट न काढलेला चढताचढताच कळायचा. बोला.

दोब्रिंका: रुग्णालयाची गाडी बंद झाली. आम्हा दोघींना गावाहून आणायची ती. फेब्रुवारीत गेना गेली, मी एकटी उरले. गुरुवारी फोन आला. एका माणसासाठी साठ किलोमीटर गाडी पाठवता येत नाही म्हणे, नियम आहे. मी विचारलं, गावात आणखी कोणी आजारी पडेपर्यंत थांबू का? तर ती बाई रडायलाच लागली. शेवटी मीच तिची समजूत घातली.

वेल्को: मग आज कशा आलात?

दोब्रिंका: शेजारचा इल्को सोमवारी कोबी घेऊन बाजाराला येतो. त्याच्या शेजारी बसून आले. दर सोमवारी आणीन म्हणालाय.

वेल्को: आणि बुधवार? शुक्रवार?

दोब्रिंका: डॉक्टरांना विचारलं मी, आठवड्यातून एकदा भागेल का. ते बराच वेळ माझे कागद चाळत बसले. मग म्हणाले, काही दिवस भागेल.

वेल्को: मी आणलं असतं तुम्हाला. साखरेनं डोळे नेले आणि त्या लोकांनी परवाना नेला, नाहीतर रोज आणलं असतं.

दोब्रिंका: ठाऊक आहे.

वेल्को: मग राहायलाच या माझ्याकडे. खोली तुम्ही घ्या, मी स्वयंपाकघरात झोपेन. लोक बोलतील ते बोलू देत.

दोब्रिंका: आणि आमच्या यांचं, स्तामेनचं, काय करू? आठ वर्षं झाली त्यांना अंथरुणाला खिळून.

वेल्को: त्यांनाही आणा.

दोब्रिंका: पाचव्या मजल्यावर? कूस बदलायला दोन माणसं लागतात त्यांना. आज पोस्टमनची बायको बसलीय त्यांच्यापाशी, तीही संध्याकाळपर्यंतच. मुलगा स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडतो. येतो म्हणाला. तो आला तर त्याच्या पोरांनी काय खायचं? चार दिवस सगळीकडून विचार करून पाहिला, वेल्को. रस्ताच नाही.

वेल्को: मी नगरपालिकेत जातो. आरडाओरडा करतो.

दोब्रिंका: जाऊन आले मी. आरडाओरडा नाही केला. अर्ज घेतलाय त्यांनी. तीस दिवसांत उत्तर देतात.

वेल्को: तीस दिवसांत.

त्सोन्का परिचारिका: वेल्कोकाका, रक्तदाब बघा तुमचा. भांडू नका आज. बाई, तुमची पाच मिनिटं राहिली.

वेल्को: मला जहाज उतरवायचं नाही.

दोब्रिंका: अहो, पण इतके दिवस तुम्हीच...

वेल्को: नको. खोटं वाटेल. पुस्तकात आहे तसंच घेऊ. तुम्ही सांगा, मी डोळे मिटून बघतो.

दोब्रिंका: बरं. कॅमेरा बाहेर, बर्फावर. अकराही जण वर बघताहेत. जहाज येतं, मोठं होत जातं, मग लहान होत जातं. कोणी हाका मारत नाही.

वेल्को: संगीत?

दोब्रिंका: अजिबात नाही. नुसता पंपाचा आवाज. मग मारा मान खाली घालते, हातमोजे चढवते आणि आत जाते. पंपात तेल घालायची वेळ झालीय.

वेल्को: तिचा चेहरा दाखवायचा?

दोब्रिंका: पाठमोरीच राहू दे. चेहरा दाखवला तर लोक रडतील, आणि रडले की त्यांना बरं वाटेल.

वेल्को: दिसली. पाठमोरी दिसली.

त्सोन्का: झालं, बाई. नळ्या काढते. हा कापूस घट्ट दाबून धरा.

वेल्को: बुधवारी मी इथं बसून काय करू?

दोब्रिंका: बुधवारपासून तुम्ही माझ्या खुर्चीत बसा. त्सोन्काला सांगून ठेवलंय मी. खिडकीजवळ आहे, तीननंतर ऊन येतं अंगावर.