पाचव्या घरची पंगत

हॅलो?… हॅलो, कोण?… हां, वन्सं! बोला, बोला, मी इंदू… हो, येतंय ऐकू. पुण्याची लाइन आज एकदम साफ आहे… नाही, हे घरी नाहीत. मंगलागौरीच्या देवळात पाठाला बसलेत…

झालं ना. सासूबाईंच्या नावाचं कुमारिकाभोजन झालं, शास्त्रींच्याच घरी… छान? छान कसलं, वन्सं!

अहो, ऐका ना… तुम्ही काय म्हणाला होतात? नऊ गरीब मुलींना पोटभर जेवू घाल, नवे फ्रॉक दे. बरोबर?… हो, ढुंढिराजशास्त्रींवर सोपव म्हणालात, सोपवलं. त्यांनी बसवलं कुणाला माहितीय? स्वतःच्या दोन नाती! बँक मॅनेजरची मालविका, वकिलांची ईशानी… हो, हो, सगळ्या आपल्याच, रामघाटावरच्या… गरीब? एक तर मोटारीतून आली, वन्सं! गलीत मोटार शिरत नाही म्हणून तोंडाशी उतरून रडत होती.

तेच सांगतेय… अष्टमीला घरोघर कुमारिका लागतात, आणि इथे काशीत आपल्या लोकांत त्या वयाच्या मुली आहेतच किती? मग त्याच त्या पोरी सकाळपासून घरोघर फिरवतात. शास्त्रींचं पाचवं घर होतं! पोटात जागा कुठे? पुरीचा तुकडा मोडायचा, श्रीखंडात बोट बुडवायचं, उठायचं. ईशानीला तर दारातच उलटी झाली… हो, उलटी! आणि तिच्या आईनं काय करावं? तोंड पुसलं, कुंकू नीट केलं आणि ओढत नेलं सहाव्या घरी. तिथे चांदीची वाटी देतात म्हणे… शी! शिसारी आली मला.

थांबा, पुढचं तरी ऐका… फुलवा आणि तिच्या दोघी बहिणी. बुधन मल्लाहच्या मुली… अहो तोच, तुम्हाला मागच्या खेपेला नावेतून पंचगंगा घाटावर नेलं होतं तो. तापानं पडलाय. पुराच्या दिवसांपासून नाव बांधलेलीच आहे, घरात चूल पेटते न पेटते. म्हणून मीच बोलावलं होतं, जेवायला या म्हणून. डोक्याला तेल चोपडून, पाय धुऊन आल्या होत्या बिचाऱ्या. शास्त्री म्हणाले, बाहेर थांबा, नंतर प्रसाद देऊ. उभ्या राहिल्या गलीत. धाकटी मला विचारते, "चाची, हमहन क बारी कब आई?" आमची पाळी कधी येणार म्हणे! काय सांगू मी तिला?… तुम्ही काय सांगितलं असतंत?

दिला की प्रसाद! शास्त्रीणबाईंनी सगळ्या पानांवरचं उष्टं बादलीत खरवडलं. चावलेल्या पुऱ्या, श्रीखंड, थुंकलेली चटणी, सगळा काला… आणि बादली त्या मुलींपुढं ठेवली. अन्न वाया जाऊ नये म्हणे! आत परातभर ताज्या पुऱ्या झाकून ठेवल्या होत्या, मी डोळ्यांनी बघितल्या. ज्यांच्या पोटात मावत नाही त्यांना आग्रह, आणि भुकेल्यांना बादली. लाज नाही वाटत?…

मी? मी ती बादली उचलून शास्त्रींच्या उंबऱ्यात ठेवली, फ्रॉकची पिशवी घेतली आणि तिघींना घरी घेऊन आले.

…आपल्याच घरी, मग कुणाच्या?… आत्ता? जेवतायत. भांड्यांचा आवाज येतोय ना, त्यांचाच तो… फ्रॉक अंगावर आहेत. धाकटीला घोट्यापर्यंत येतोय, पण सोडायला तयार नाही… कुठे म्हणजे? स्वयंपाकघरात, सासूबाईंच्या पाटांवर…

वन्सं, ओरडू नका… नाही, सोवळं मोडलं असं मला वाटत नाही… सासूबाईंना चाललं नसतं? त्या आता सांगायला येणार नाहीत. तुम्हाला चालत नाहीये, सरळ तसं म्हणा…

आपल्यातल्या? बरं, आपल्यातल्या म्हणायचं होतं तुम्हाला. मग सुनीतीची मुलगी का नव्हती पंगतीला? नवरा गेल्यापासून शिवणकामावर घर चालवतेय ती. आपलीच आहे ना?… विधवेची मुलगी चालत नाही. हं. म्हणजे आपल्यातली हवी, गरीब हवी, आणि वर खात्यापित्या घरची हवी. कुठून आणू?

…हो, पैसे तुमचे आहेत. नाही म्हटलंय का मी?… हो, तुम्ही थोरल्या आहात. आजवर कधी उलट बोलले?… काय?… आत्ता उठवू? भरल्या पानावरून?

…नाही. मला नाही जमणार… नाही म्हटलं ना, वन्सं. हे आले तरी हेच सांगेन… फार तर असं करा. तुम्हीच सांगा त्यांना. हो, फोनवरच. तुम्हाला येतं की हिंदी… थांबा, देते.

फुलवा! ए फुलवा, इधर आव. हाथ बाद में धोना, आव… पुणेवाली चाची हैं, यह फ्रॉक उन्होंने भेजा है. तुमसे कुछ कहना चाहती हैं. लो, कान पर धरो… बोलो, हॅलो…

का भयल?… केहू ना बोलत हौ?… कोणी बोलत नाही? दे इकडे. हॅलो? वन्सं?… हॅलो?…

रख दिया उन्होंने. कुछ नहीं बेटा, जा, बैठ. पूरी ठंडी हो रही है.