दसऱ्याला पुजलेलं सॉफ्टवेअर

हसू नका, कॉम्प्युटर दुरुस्त करणं हेच माझं काम, पण त्या दिवशी मीच अडकलो होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लातूरच्या एका कोचिंग क्लासात रिझल्टचं सॉफ्टवेअर उघडेना. दारात पालकांची ही गर्दी. त्याची एक फाइल कॉम्प्युटरला परत जोडून द्यायला गेलो, तर कॉम्प्युटर म्हणतो, या नावाची फाइलच नाही! फोल्डर उघडला, तर एकूण एक फाइलच्या नावाआधी 'श्री'!

"मामा, हे कुणी केलं?"

"मीच की," म्हातारे क्लार्क म्हणाले. "वहीवर काढतोच ना आपण? काल दिवसभर तेच करत बसलो."

"सॉफ्टवेअरच्या जुन्या कॉपीची सीडी कुठाय?"

मामांनी ती देवासमोरून आणली. कॉम्प्युटर वाचतो त्याच चकचकीत बाजूवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक!

"तिला तर सगळ्यात आधी पुजलं, सर."