दादाला लावलेला फोन

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरली टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली. धाकटीच्या हातात मोबाइल होता.

"ताई, घे ना गं एक असा. शिकवते मी."

"नको बाई. आम्ही नुसत्या 'हॅलो'वरून ओळखायचो, समोरच्याचं बरं चाललंय की नाही. तुमचं आपलं बोटं घासणं."

"अख्ख्या गावाचे फोन जोडलेस. आपल्या दादाला कधी लावलास?"

"काहीतरीच! त्याला ऐकू कुठे येतं?"

"म्हणूनच म्हणते. हा बघ, लागला."

"अगंबाई, दादा! किती पिकलास रे! हा हातांनी काय सांगतोय?"

"तुम्ही दोघंच तर बोलायचात असं. आई ओरडायची, जेवताना तरी हात आवरा म्हणून."

"विसरले गं सगळं."

"नीट बघ. परत करतोय."

"थांब... वेणी ओढतोय! म्हणजे मी! हेच नाव ठेवलं होतं त्यानं माझं. मेल्या, अजून लक्षात आहे होय!"

"ताई, डॉक्टरांनी तुला बोलावलंय."

"थांबतील. आधी हा फोन तू धर. मला दोन्ही हात लागतील."